फौजीच्या पत्नीचं शिक्षण आणि हुनर : पैसा कुठून मिळतो, आणि तो का अडकतो?

आपल्या समाजातली फौजी घरं विखुरलेली आहेत. कोकणातल्या एखाद्या गावात एक घर, साताऱ्याकडे दोन, मराठवाड्यातल्या एखाद्या मोहल्ल्यात एक. त्यामुळे लष्कराच्या योजनांची माहिती शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मिळत नाही. फौजींची दाट वस्ती असलेल्या गावात निवृत्त सुभेदारसाहेब पारावर बसून चार जणांना फॉर्म भरून देतात. आपल्याकडच्या भगिनीला असं सांगणारं कुणी नसतं. नवरा सीमेवर, घरात सासू-सासरे, लहान मुलं. आणि देव न करो, काही बरंवाईट झालं तर सगळे कागद एकटीच्या अंगावर येतात.

सैनिकाच्या पत्नीच्या शिक्षणासाठी आणि व्यवसाय प्रशिक्षणासाठी सरकारची मदत आहे. पण ती कुणाला, किती, कोणत्या कोर्सला आणि कधीपर्यंत मिळते हे नीट माहीत नसलं तर हातातून निसटते. आणखी एक गोष्ट म्हणजे या मदती अनुदान किंवा शिष्यवृत्तीच्या स्वरूपात आहेत, कर्ज नाहीत. व्याजाचा व्यवहार टाळण्यासाठी शैक्षणिक कर्ज न घेणारी कितीतरी घरं आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी तर ही माहिती दुप्पट कामाची आहे.

आधी पाहा, तुम्ही कोणत्या गटात येता

योजना वाचताना पहिली गडबड इथेच होते. "सैनिकाची पत्नी" असा एकच गट सरकारी कागदात नसतो.

पहिला गट, सेवेत असलेल्या जवानाची पत्नी. दुसरा, माजी सैनिकाची पत्नी, म्हणजे पती निवृत्त झालेले आहेत आणि हयात आहेत. तिसरा, सैनिकाची किंवा माजी सैनिकाची विधवा. पती सेवेत असताना शहीद झाले किंवा वारले, किंवा निवृत्तीनंतर त्यांचा इंतकाल झाला, दोन्ही या गटात येतात.

शिक्षणासाठी थेट पैसा मुख्यतः तिसऱ्या गटाला मिळतो. दुसऱ्या गटात मुलांना शिष्यवृत्ती आहे, पत्नीला मात्र प्रशिक्षणाचीच काय ती सोय. पहिल्या गटातल्या पत्नीला रोख मदत जवळजवळ नाही, तिच्यासाठी लष्करी वसाहतीतल्या सोयी आणि नोकरीच्या काही संधी आहेत.

अग्निवीरांच्या घरच्यांनी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षं पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही. त्यामुळे माजी सैनिकांच्या कुटुंबासाठी असलेल्या खालच्या योजना त्याच्या घराला लागू होत नाहीत. जे पुढे नियमित सेवेत निवडले जातील त्यांची गोष्ट वेगळी.

विधवा भगिनींसाठी शिक्षणाची मदत

संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत दिल्लीला केंद्रीय सैनिक बोर्ड आहे. माजी सैनिक आणि विधवांच्या बहुतेक मदती या बोर्डाकडून येतात, पण अर्जाची तपासणी आपल्या जिल्ह्यातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते. शिक्षणाच्या बाबतीत तीन योजना महत्त्वाच्या आहेत.

एक, पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना. ही २००६-०७ पासून सुरू आहे आणि पैसा राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतो. दरवर्षी देशभरात ५,५०० नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात, त्यातल्या निम्म्या मुलींसाठी. मुलांना महिन्याला २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये मिळतात. नाव शिष्यवृत्तीचं असलं आणि बहुतेक अर्ज माजी सैनिकांच्या मुलामुलींचे असले, तरी विधवा स्वतः शिकत असेल तर तिलाही अर्ज करता येतो. ही गोष्ट फार थोड्या जणींना ठाऊक असते.

अटी अशा. कोर्स व्यावसायिक पदवीचा हवा, जसं की बी.एड., बी.फार्म., बी.ई., बी.बी.ए., बी.सी.ए. प्रवेश ज्या परीक्षेवर मिळतो, तिच्यात किमान ६० टक्के गुण हवेत. बारावीवर प्रवेश असेल तर बारावीचे, पदवीवर असेल तर पदवीचे. कॉलेज मान्यताप्राप्त हवं आणि शिक्षण नियमित वर्गात जाऊन घेतलेलं हवं, पत्राने किंवा दूरशिक्षणाने घेतलेल्या कोर्सला ही शिष्यवृत्ती नाही. साधा बी.ए. किंवा बी.कॉम. यात बसत नाही. अर्ज पहिल्या वर्षाला प्रवेश घेतल्यावरच करायचा असतो. "पहिलं वर्ष होऊ दे, मग बघू" असं म्हटलं की संधी गेली. पुढच्या वर्षांची रक्कम मिळत राहण्यासाठी दरवर्षी पास होऊन नूतनीकरण करावं लागतं.

निवडीत प्राधान्यक्रम असतो. युद्धात किंवा कारवाईत शहीद झालेल्यांची मुलं आणि विधवा सर्वांत आधी, मग कारवाईत अपंगत्व आलेल्यांची मुलं, मग सेवेशी संबंधित कारणाने वारलेल्यांची कुटुंबं, असा तो क्रम खाली येतो.

दोन, संरक्षणमंत्री माजी सैनिक कल्याण निधीतलं शिक्षण अनुदान. हवालदार आणि त्याच्या बरोबरीच्या हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी हे आहे. पहिलीपासून पदवीपर्यंत दोन मुलांना, आणि विधवा स्वतः दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स करत असेल तर तिला, आधी महिन्याला १,००० रुपये मिळायचे. १ नोव्हेंबर २०२५ पासून केलेल्या अर्जांसाठी ही रक्कम महिन्याला २,००० रुपये झाली आहे. जुन्या माहितीपत्रकात अजून हजारच छापलेले दिसतील, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

तीन, विधवांसाठी व्यवसाय प्रशिक्षण अनुदान. हेही त्याच निधीतून आणि हवालदार हुद्द्यापर्यंत. एकदाच मिळतं. २०२३ मध्ये ही रक्कम २०,००० वरून ५०,००० रुपये करण्यात आली. शिवणकाम, कॉम्प्युटर, ब्युटिशियन, बालवाडी शिक्षिका असा कुठला तरी हाताला काम देणारा कोर्स मान्यताप्राप्त संस्थेतून पूर्ण करायचा आणि त्याचं प्रमाणपत्र अर्जाला जोडायचं. गल्लीतल्या क्लासमध्ये चांगलं शिकवत असतील, पण त्यांच्या प्रमाणपत्राला सरकारी मान्यता नसेल तर अनुदान मिळणार नाही. म्हणून फी भरण्याआधी जिल्हा कार्यालयात संस्थेचं नाव सांगून विचारून घ्या.

हिशोब करून पाहू. समजा एका नाईक हुद्द्याच्या जवानाची विधवा आहे, वय ३४, बी.ए.ला ६२ टक्के, दोन मुलं, एक चौथीत आणि एक सातवीत. तिनं बी.एड.ला प्रवेश घेतला आणि तिची निवड पंतप्रधान शिष्यवृत्तीसाठी झाली, तर वर्षाला ३६,००० आणि दोन वर्षांचे ७२,००० रुपये होतात. दोन मुलांचं शिक्षण अनुदान वर्षाला प्रत्येकी २४,००० म्हणजे ४८,००० रुपये. फॅमिली पेन्शन वेगळी. एवढ्यानं श्रीमंती येत नाही, पण दोन वर्षं कुणापुढे हात न पसरता शिकता येतं.

उलट उदाहरणही पाहा. तीच भगिनी, पण बी.ए.ला ५४ टक्के. तिला बी.एड.साठी ही शिष्यवृत्ती नाही. म्हणून ज्या मुली, सुना आज बी.ए.च्या शेवटच्या वर्षात आहेत त्यांनी "पास झालं म्हणजे झालं" असं न धरता साठच्या वर जाण्याचा प्रयत्न करावा. पुढे कोणत्या कागदाची गरज पडेल सांगता येत नाही.

मोफत प्रशिक्षण : पुनर्वसन महासंचालनालय

दिल्लीचं पुनर्वसन महासंचालनालय निवृत्त होणाऱ्या जवानांना दुसरा व्यवसाय शिकवतं. ज्या माजी सैनिकाला सेवेत असताना असा कोर्स करता आला नाही, त्याच्यासाठी राज्याच्या सैनिक कल्याण विभागामार्फत प्रशिक्षण असतं. त्याच सोयीचा लाभ विधवेला किंवा माजी सैनिकावर अवलंबून असलेल्या घरातल्या एका व्यक्तीलाही घेता येतो. प्रशिक्षण मोफत असतं आणि लाभ एकदाच मिळतो. पती निवृत्त होऊन शेतीत किंवा दुकानात रमले असतील आणि त्यांना स्वतःला कोर्स करायचा नसेल, तर पत्नीनं तो करायला काय हरकत आहे? घरात बसून दोघांनी ठरवण्याची ही गोष्ट आहे.

गणवेश घालायचा असेल तर

सेवेत असताना वारलेल्या सैनिकाच्या विधवेला लष्करात अधिकारी होण्याची एक वेगळी वाट आहे. महिलांच्या अल्पकालीन सेवा कमिशनमध्ये विधवांसाठी थोड्या जागा राखून ठेवलेल्या असतात, तांत्रिक पदवी असलेलीसाठी आणि कुठल्याही शाखेच्या पदवीधरासाठी. वयाची मर्यादा ३५ वर्षं. मुलाखत, मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानी चाचण्या सगळ्या द्याव्या लागतात आणि नंतर चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत सुमारे ४९ आठवड्यांचं कडक प्रशिक्षण असतं.

महाराष्ट्रातल्या दोघींची नावं सर्वांना माहीत आहेत. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. त्यांच्यासाठी वयाची अट शिथिल करण्यात आली होती. मेजर प्रसाद महाडिक यांचं डिसेंबर २०१७ मध्ये चीन सीमेजवळ आगीच्या दुर्घटनेत निधन झालं. त्यांच्या पत्नी गौरी महाडिक मार्च २०२० मध्ये अधिकारी होऊन बाहेर पडल्या. जागा फारच थोड्या आहेत, तेव्हा सर्वांनी याच वाटेकडे पाहावं असं नाही. पण पदवीधर भगिनीला ही वाट माहीत तरी असावी.

पती सेवेत आहेत, त्या भगिनींचं काय?

इथे स्पष्ट बोललेलं बरं. अमेरिकेत सेवेतल्या सैनिकाच्या पत्नीला किंवा पतीला, ठरावीक हुद्द्यांपर्यंत, नोकरीसाठी लागणारा कोर्स किंवा परवाना मिळवायला ४,००० डॉलरपर्यंत फी सरकार देतं. आपल्याकडे सेवेतल्या जवानाला मुलांसाठी शिक्षण भत्ता आहे, पत्नीच्या फीसाठी तसा भत्ता नाही. म्हणून या गटातल्या भगिनीनं पैशाची वाट पाहण्यापेक्षा सोयींचा वापर करावा.

लष्करी वसाहतीत आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन, म्हणजे आवा, १९६६ पासून काम करते. नौदल आणि हवाई दलातही कुटुंबांसाठी अशाच संघटना आहेत. त्यांच्या केंद्रांवर शिवण, बेकरी, कॉम्प्युटर, इंग्रजी बोलणं असे वर्ग चालतात. पण त्याचा लाभ वसाहतीत राहणाऱ्यांना मिळतो. पती फील्डमध्ये असतील तर कुटुंबासाठी शांततेच्या ठिकाणच्या छावणीत वेगळ्या क्वार्टरसाठी अर्ज करता येतो. पुणे, देवळाली, कामठी, अहिल्यानगर ही आपल्या राज्यातली मोठी लष्करी ठाणी. सासर सोडून एकटीनं छावणीत राहणं आपल्याकडे अनेक घरांना पटत नाही. पण मुलांची शाळा, दवाखाना आणि स्वतःचं शिक्षण या तिन्ही गोष्टी एकाच आवारात मिळतात, हाही विचार घरातल्या वडीलधाऱ्यांनी करावा.

दुसरी गोष्ट, फौजीच्या पत्नीनं असा व्यवसाय निवडावा जो बदलीबरोबर सोबत नेता येतो. शिक्षिका, नर्स, अकाउंट्स, शिवण ही त्यातली नेहमीची कामं. नर्सिंगमध्ये नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते, राज्य बदललं की नोंदणीही हलवावी लागते. शिक्षिकेचं काम त्या मानानं सोपं, कारण देशभरात १३० हून अधिक आर्मी पब्लिक स्कूल आहेत आणि त्यांच्यासाठी एकच सामाईक ऑनलाइन परीक्षा होते. सहावी ते दहावीला शिकवायचं तर पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड., दोन्हींत किमान ५० टक्के गुण.

इथे एक खड्डा आहे. पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. चालत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. प्राथमिकला शिकवायचं असेल तर डी.एल.एड. करा. लहान मुलांना शिकवण्याची आवड आहे म्हणून बी.एड.ला प्रवेश घेतला आणि दोन वर्षांनी कळलं की त्या जागेला ते चालत नाही, असं होऊ देऊ नका.

जिचं शिक्षण दहावी-बारावीच्या आधीच सुटलं आहे तिच्यासाठी जन शिक्षण संस्थान हा सरकारी पर्याय बऱ्याच जिल्ह्यांत आहे. १५ ते ४५ वयोगटातल्यांना तिथे हुनर शिकवतात. फौजी कुटुंब असण्याची अट नाही. महिलांच्या आयटीआयमध्येही एक-दोन वर्षांचे ट्रेड आहेत. पडद्यामुळे संकोच असेल तर महिलांची संस्था पाहून प्रवेश घ्यावा.

आणि पती सेवेत असतानाच शिकून ठेवण्याचं मोल काय, हे काश्मीरच्या एका घरानं दाखवलं आहे. कुलगाम जिल्ह्यातले लान्स नाईक नजीर अहमद वाणी नोव्हेंबर २०१८ मध्ये शहीद झाले. २६ जानेवारी २०१९ रोजी त्यांचं मरणोत्तर अशोक चक्र राष्ट्रपतींच्या हातून स्वीकारणाऱ्या त्यांच्या पत्नी महजबीन पेशानं शिक्षिका आहेत. दुःख कुणाला चुकत नाही. पण हातात पेशा असलेली बाई मुलांना घेऊन उभी राहू शकते.

खरी अडचण कागदांची

योजना समजली तरी अर्ज अडतो तो नावावर. आपल्या समाजात याची कारणं थोडी वेगळी आहेत, म्हणून सविस्तर सांगतो.

निकाहनामा बहुधा उर्दूत असतो. त्यावर मुलीचं नाव एक, आधारवर दुसरं. कुठे "बी" लागलेलं, कुठे "बेगम", कुठे "बानो". शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव आणि आडनाव, लग्नानंतरच्या कागदांवर पतीचं. "शेख" कधी नावाआधी तर कधी शेवटी. माणसाला कळतं की ही एकच बाई आहे. कॉम्प्युटरला कळत नाही. पोर्टलवर नाव जुळलं नाही की अर्ज परत येतो.

म्हणून पती सेवेत असतानाच चार गोष्टी करून घ्या.

१. निकाहची सरकारी नोंदणी. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली निकाहचीही नोंदणी होते. शहरात महापालिकेत किंवा नगरपालिकेत, गावात ग्रामपंचायतीत. फॉर्मवर निकाह लावणाऱ्या काझीसाहेबांची सही लागते. मराठी प्रमाणपत्र हातात आलं की उर्दू निकाहनाम्याच्या भाषांतराची धावपळ वाचते.

२. पार्ट टू ऑर्डर. लग्न झालं, मूल झालं की जवानानं आपल्या युनिटमार्फत ती नोंद लष्करी रेकॉर्डमध्ये करून घ्यायची असते. यालाच पार्ट टू ऑर्डर म्हणतात. ही नोंद नसेल तर लष्कराच्या लेखी ती पत्नी नाही आणि ते मूलही नाही. पेन्शनपासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळं या नोंदीवर उभं आहे. पती सुट्टीवर आले की एकदा विचारा, "माझं नाव आणि जन्मतारीख रेकॉर्डला कशी लागली आहे?" आणि तेच स्पेलिंग आधारला, बँकेला आणि मुलांच्या दाखल्याला आहे का ते पडताळा.

३. पेन्शनच्या कागदावर पत्नीचं नाव. निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या पेन्शन पेमेंट ऑर्डरवर पत्नीचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे ना, हे त्याच वेळी पाहा. चूक असेल तर पती हयात असताना दुरुस्त करणं सोपं असतं. नंतर प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार असं सगळं करावं लागतं.

४. स्वतःच्या नावाचं बँक खातं. सासऱ्यांच्या किंवा दिराच्या खात्यावर शिष्यवृत्ती जमा होत नाही. खातं अर्जदाराच्या नावावर आणि आधारला जोडलेलं हवं.

इद्दत, सासर आणि पुढचं आयुष्य

विधवा भगिनी इद्दतचे चार महिने दहा दिवस घरात असते. हा काळ तिच्या इबादतीचा आणि सावरण्याचा असतो, तिला कार्यालयांचे हेलपाटे घालायला लावू नयेत. पण कागदांची मुदत थांबत नाही. या काळात तिचा भाऊ, वडील किंवा दीर यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन नोंद करावी, कोणते दाखले लागतील त्याची यादी आणावी, मृत्यूचा दाखला काढून ठेवावा. सह्या घरी करता येतात. या कार्यालयात कल्याण संघटक असतात, ते बहुधा स्वतः माजी सैनिकच. त्यांना परिस्थिती समजावून सांगितली तर वाट निघते.

एक कळकळीची विनंती सासरच्या मंडळींना. मिळालेली भरपाई आणि पेन्शन यांवरून घरात वाद होतात, आणि त्यात तिच्या शिक्षणाचा विषय मागे पडतो. "पेन्शन मिळते ना, मग शिकायची काय गरज?" असं म्हटलं जातं. पेन्शनमधून आजचं घर चालेल, मुलांची कॉलेजं येतील तेव्हा काय? कमावणारी स्त्री आपल्या दीनला नवी नाही. हजरत खदीजा (रजि.) स्वतः व्यापार सांभाळत होत्या, आणि त्यासुद्धा विधवा होत्या.

दुसऱ्या निकाहबद्दलही दोन शब्द. संरक्षणमंत्री कल्याण निधीतून विधवेच्या पुनर्विवाहालाही मदत आहे. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या कुटुंबांसाठी ही रक्कम १ नोव्हेंबर २०२५ पासून ५०,००० वरून १ लाख रुपये झाली. पण निकाहनंतर पेन्शन आणि इतर लाभांचं काय होतं हे पेन्शनच्या प्रकारावर अवलंबून असतं. म्हणून निर्णयाआधी आपली पेन्शन ऑर्डर घेऊन कार्यालयात विचारून यावं.

अर्ज कसा करायचा

पहिलं काम, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी आणि ओळखपत्र. माजी सैनिकाला स्वतःचं, विधवेला विधवेचं ओळखपत्र मिळतं. ते नसेल तर पुढचं काहीच हलत नाही.

दुसरं, केंद्रीय सैनिक बोर्डाच्या पोर्टलवर नोंदणी आणि ऑनलाइन अर्ज. सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेतला तरी मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या. पासवर्ड दुकानदाराकडे राहिला तर पुढच्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी अडचण होते.

तिसरं, मूळ कागद घेऊन जिल्हा कार्यालयात तपासणी. साधारणपणे लागतात ते असे : डिस्चार्ज बुक किंवा पेन्शन ऑर्डर, ओळखपत्र, आधार, बँक पासबुक, गुणपत्रिका, कॉलेजचं बोनाफाईड, विधवा असल्यास पतीच्या मृत्यूचा दाखला. तिथून अर्ज पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाकडे आणि मग दिल्लीला जातो. पोर्टलवर अर्ज कुठे आहे ते दिसतं. "त्रुटी" असा शेरा आला तर दिलेल्या मुदतीत दुरुस्त करा. त्रुटीकडे लक्ष न दिल्यानं चांगले अर्ज रद्द होतात.

राज्याच्या कल्याण निधीतूनही मुलांसाठी मदती आहेत आणि अनेक जिल्ह्यांत सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहं आहेत. त्याच खेपेला त्यांचीही चौकशी करून या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पती हयात आहेत, निवृत्त आहेत. मला पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळेल का?*
नाही. ती माजी सैनिकाच्या मुलामुलींना आणि विधवांना आहे. तुमच्या मुलीला मिळू शकते. तुम्ही वर सांगितलेल्या मोफत प्रशिक्षणाची चौकशी करा.

*अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आणि ही, दोन्ही घेता येतील का?*
एकाच विद्यार्थ्यासाठी, त्याच वर्षासाठी दोन सरकारी मदती मागण्याआधी जिल्हा कार्यालयात लेखी विचारून घ्या. अर्जात आपण खरी माहिती दिल्याची प्रतिज्ञा असते. लपवलं आणि नंतर उघड झालं तर रक्कम परत मागतात. दोन्हींत जी मोठी आणि खात्रीची असेल ती निवडा.

*मुक्त विद्यापीठातून शिकते आहे. काही मिळेल?*
पंतप्रधान शिष्यवृत्ती नाही. तरीही शिक्षण सोडू नका. पदवी हातात आली की बी.एड.सारख्या नियमित कोर्सची वाट खुली होते.

*पती सुभेदार पदावरून निवृत्त झाले होते. मला ५०,००० रुपयांचं प्रशिक्षण अनुदान मिळेल?*
ते हवालदार हुद्द्यापर्यंत आहे. पण पंतप्रधान शिष्यवृत्तीला तशी अट नाही, तिथे अर्ज करा.

*एजंट पैसे मागतो, म्हणतो काम करून देतो.*
या कुठल्याही अर्जाला एजंट लागत नाही. कार्यालयातलं मार्गदर्शन मोफत आहे.

जमातीनं एवढं करावं

आपल्या गावात, मोहल्ल्यात फौजी घरं किती हे जमातीच्या जबाबदार मंडळींना सहज कळू शकतं. एखाद्या जुम्याच्या नमाजनंतर एवढंच जाहीर करा की ज्या घरातला माणूस फौजेत आहे किंवा होता, त्यांनी कागद घेऊन रविवारी यावं. दोन शिकलेली मुलं आणि शक्य असेल तर तालुक्यातले एखादे माजी सैनिक बसवा, मग ते कोणत्याही समाजाचे असोत. फौजेत सगळे एका लंगरमध्ये जेवलेले असतात, बोलावलं तर ते नक्की येतात. निकाहची नोंदणी झाली आहे का, नावं जुळतात का, ओळखपत्र आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली तरी अर्धं काम झालं.

काझीसाहेबांनीही फौजी मुलाचा निकाह लावताना वधूचं नाव आधारप्रमाणे लिहून घ्यावं आणि त्याच आठवड्यात सरकारी नोंदणीच्या फॉर्मवर सही द्यावी. पाच मिनिटांचं काम आहे. उद्या कुणा भगिनीचं शिक्षण त्यामुळे अडणार नाही, इन्शाअल्लाह.